नागरिकत्व-शिक्षणाचा अभ्यासक : वर्ग, पाठ्यपुस्तक आणि ग्रामसभा
(चिखलदरा परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

सातपुड्याच्या रांगेतील चिखलदरा हे पर्यटकांना थंड हवेचे ठिकाण म्हणून परिचित आहे. गाविलगडचा किल्ला, भीमकुंड, पावसाळ्यातील धुके आणि कॉफीची झाडे यांमुळे ‘विदर्भाचे नंदनवन’ ही त्याची ओळख रूढ झाली आहे. तथापि चिखलदरा हे एका तालुक्याचेही नाव आहे. चिखलदरा व धारणी हे दोन तालुके मिळून अमरावती जिल्ह्यातील मेळघाट होतो आणि १९८५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशान्वये हे दोन्ही तालुके राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतील अनुसूचित क्षेत्रात मोडतात. येथील बहुसंख्य लोकवस्ती कोरकू आदिवासींची असून गोंड, निहाल, गवळी इत्यादी समाजही येथे पिढ्यानपिढ्या राहत आले आहेत.

नागरिकत्वाच्या दृष्टीने हा परिसर असाधारण आहे. चिखलदरा शहराचा कारभार नगर परिषद पाहते. तेथील मतदार नगरसेवक निवडतो. ग्रामसभेत बसण्याचा प्रसंग त्याच्यावर येत नाही. शहराची हद्द ओलांडून घाटाच्या बाजूला काही किलोमीटर गेले की पंचायत, पेसा आणि वनहक्क असे तीन कायदे एकाच ग्रामसभेला वेगवेगळे अधिकार देतात. या दोन्ही ठिकाणांची मुले एका वर्गात शेजारी बसून ‘ग्रामसभेची कार्ये लिहा’ या प्रश्नाचे एकच उत्तर लिहितात. शहरातील मुलासाठी ते उत्तर काही गुणांपुरते असते. गावातील मुलाच्या घराला मात्र त्याच उत्तरावर जंगल, जमीन आणि प्रसंगी गावाचे अस्तित्व अवलंबून असू शकते.

नागरिकत्व-शिक्षण हा विषय अध्यापनासाठी व संशोधनासाठी आयुष्यभराचे कार्यक्षेत्र म्हणून स्वीकारणाऱ्या प्राध्यापकाचे काम नेमके कोणते, ते कोठे घडते आणि त्याचे मोल कशावरून ठरवावे, याचा विचार प्रस्तुत लेखात या पार्श्वभूमीवर केला आहे.

नागरिकशास्त्र आणि नागरिकत्व-शिक्षण

हे दोन शब्द अनेकदा समानार्थी म्हणून वापरले जातात. त्यांत फरक करणे आवश्यक आहे. नागरिकशास्त्र हा शालेय विषय आहे. शासनसंस्थांची रचना, त्यांचे अधिकार, नागरिकांचे हक्क व कर्तव्ये यांची माहिती देणे हा त्याचा पारंपरिक हेतू होय. नागरिकत्व-शिक्षण ही अधिक व्यापक प्रक्रिया आहे. व्यक्ती सार्वजनिक जीवनात सहभागी कशी होते, मतभेद कसे मांडते, सत्तेला प्रश्न कसे विचारते आणि इतरांचे हक्क मान्य करण्यास कशी शिकते, या सर्वांचा तीत अंतर्भाव होतो. ही प्रक्रिया शाळेत घडते, तशीच घरात, बाजारात, सहकारी संस्थेत आणि चावडीवरही घडते.

नागरिकत्वाची आधुनिक चर्चा ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ टी. एच. मार्शल यांच्या १९५० मध्ये प्रसिद्ध झालेल्या विवेचनापासून सुरू करण्याची पद्धत आहे. मार्शल यांनी नागरिकत्वाची नागरी, राजकीय व सामाजिक अशी तीन अंगे मानली. त्यांच्या मांडणीनुसार इंग्लंडमध्ये ही अंगे सुमारे तीन शतकांत एकामागून एक विकसित झाली. भारतात २६ जानेवारी १९५० रोजी नागरी व राजकीय हक्क सर्वांना एकदम मिळाले, तर सामाजिक हक्कांपैकी बहुतेकांना मार्गदर्शक तत्त्वांत स्थान मिळाले. येथील नागरिकत्व-शिक्षणाचा मूळ पेच त्यामुळे वेगळा आहे. हक्क कागदावर आधी आले. ते वापरण्याचे बळ समाजाला नंतर मिळवावे लागले.

या पेचात १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीची भर पडली. तिने दहा मूलभूत कर्तव्ये घटनेत घातली आणि २००२ च्या शहाऐंशीव्या दुरुस्तीने त्यांत अकराव्याची भर टाकली. कर्तव्यांची यादी पाठ करून घेणे सोपे, तपासणेही सोपे. हक्क वापरण्याची रीत शिकवणे मात्र अवघड, कारण तेथे शिक्षकाला गावातील सत्तासंबंधांविषयी बोलावे लागते. नागरिकशास्त्राचा वर्ग कर्तव्यांकडे झुकतो त्यामागे हे व्यावहारिक कारणही आहे.

अभ्यासकाचे कार्यक्षेत्र : चार स्थाने

नागरिकत्व-शिक्षणाच्या अभ्यासकाचे काम साधारणपणे चार ठिकाणी घडते : पाठ्यपुस्तक व अभ्यासक्रम समिती, संशोधन, शिक्षक-प्रशिक्षण आणि लोकसमूह. पहिली तीन विद्यापीठीय व्यवस्थेला परिचित आहेत. चौथ्याची नोंद ती क्वचितच घेते.

(१) पाठ्यपुस्तक व अभ्यासक्रम

विद्यापीठातील राज्यशास्त्राचा प्राध्यापक शालेय अभ्यासक्रमाकडे वळल्यावर काय घडू शकते, याचे पाश्चात्त्य उदाहरण म्हणजे बर्नार्ड क्रिक. ‘इन डिफेन्स ऑफ पॉलिटिक्स’ (१९६२) या ग्रंथामुळे ते राज्यशास्त्रज्ञ म्हणून मान्यता पावले. शेफील्ड व पुढे लंडन येथे त्यांनी अध्यापन केले. शेफील्ड येथील त्यांचे विद्यार्थी डेव्हिड ब्लंकेट १९९७ मध्ये ब्रिटनचे शिक्षणमंत्री झाले आणि त्यांनी क्रिक यांच्या अध्यक्षतेखाली सल्लागार गट नेमला. १९९८ च्या अहवालात या गटाने सामाजिक व नैतिक जबाबदारी, समुदायातील सहभाग आणि राजकीय साक्षरता अशी तीन सूत्रे मांडली. त्यानुसार २००२ पासून इंग्लंडच्या माध्यमिक शाळांत नागरिकत्व हा अनिवार्य विषय झाला. राजकारण हा सभ्य समाजाचा व्यवहार आहे, त्याची मुलांना लाज वाटू नये व भीतीही वाटू नये, ही क्रिक यांची धारणा होती. विद्यापीठात मांडलेली ही धारणा शाळेच्या वेळापत्रकापर्यंत पोचण्यास चार दशके लागली.

महाराष्ट्रातील याच्या निकटचे उदाहरण म्हणजे पुणे विद्यापीठाच्या राज्यशास्त्र व लोकप्रशासन विभागातील प्राध्यापक सुहास पळशीकर यांचे कार्य. महाराष्ट्राचे राजकारण व निवडणुकांचा अभ्यास हे त्यांचे मुख्य क्षेत्र होते. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतर राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने नवी पाठ्यपुस्तके तयार करविली, तेव्हा नववी ते बारावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकांसाठी योगेंद्र यादव व पळशीकर यांची मुख्य सल्लागार म्हणून नियुक्ती झाली. याच आराखड्यानंतर परिषदेने सहावी ते आठवीच्या ‘नागरिकशास्त्र’ विषयाऐवजी ‘सामाजिक व राजकीय जीवन’ या नावाची पुस्तके आणली. नागरिक घडविण्याचा वसाहतकालीन उपदेशपर हेतू बाजूस सारून, मुलांच्या भोवतीच्या राजकीय जीवनाचे विश्लेषण करण्यास त्यांना शिकवावे, अशी या बदलामागील भूमिका होती. वरच्या वर्गांच्या पुस्तकांत व्यंगचित्रे, वृत्तपत्रांतील कात्रणे आणि पानोपानी प्रश्न विचारणारी उन्नी व मुन्नी ही दोन पात्रे आली. पाठ्यपुस्तकानेच शंका विचारावी, ही भारतीय शालेय शिक्षणात नवीन गोष्ट होती.

अशा कामाला जोखीमही असते. अकरावीच्या पुस्तकातील १९४९ च्या एका व्यंगचित्रावरून मे २०१२ मध्ये संसदेत वाद झाला. त्या चित्रात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा अवमान होतो, असा आक्षेप होता. यादव व पळशीकर यांनी सल्लागारपदाचे राजीनामे दिले आणि दुसऱ्याच दिवशी पळशीकर यांच्या विद्यापीठातील कार्यालयाची मोडतोड झाली. पुढे २०२३ मध्ये, पुस्तकांतील मजकूर सल्लामसलत न करता मोठ्या प्रमाणावर वगळला गेल्यानंतर, आपली नावे पुस्तकांतून काढून टाकावीत अशी मागणी या दोघांनी परिषदेकडे केली. या प्रसंगांतून दोन बोध निघतात. वंचित समूहांच्या भावविश्वात एखाद्या प्रतिमेला कोणता अर्थ आहे, याची जाण पाठ्यपुस्तककाराला असावी लागते. तसेच मतभेद कसा हाताळावा हे शिकवणारे पुस्तकच जेव्हा मतभेदाचा विषय बनते, तेव्हा समाजाच्या नागरिकत्वाची परीक्षा होते.

महाराष्ट्राची शालेय पाठ्यपुस्तके तयार करण्याचे काम २७ जानेवारी १९६७ रोजी स्थापन झालेल्या ‘बालभारती’कडे आहे. २०१६ ते २०१८ या काळात आलेल्या तिच्या पुस्तकांत सहावीला स्थानिक शासनसंस्था, सातवीला संविधानाची ओळख व आठवीला संसदीय शासनपद्धती असा क्रम होता. नववी व दहावीला या विषयाचे नाव ‘राज्यशास्त्र’ झाले. हा क्रम सुसंगत आहे. परंतु राज्यासाठी एकच पुस्तक असल्याने त्यातील गाव हे सरासरी गाव असते. अनुसूचित क्षेत्रातील गाव या सरासरीत बसत नाही. ही उणीव पाठ्यपुस्तक मंडळ एकट्याने भरून काढू शकत नाही. तिची भरपाई स्थानिक महाविद्यालयातील अभ्यासकालाच करावी लागते.

(२) संशोधन

नागरिकत्व-शिक्षणावरील संशोधनाचे तीन मुख्य प्रवाह दिसतात. पहिला पाठ्यपुस्तकांच्या आशयविश्लेषणाचा. दुसरा सर्वेक्षणांचा : आंतरराष्ट्रीय पातळीवर १९९९ आणि पुढे २००९, २०१६ व २०२२ मध्ये शालेय विद्यार्थ्यांच्या नागरी ज्ञानाची व वृत्तींची मोठी सर्वेक्षणे झाली, भारत त्यांत सहभागी नव्हता. तिसरा प्रवाह प्रत्यक्ष वर्गनिरीक्षणाचा आहे आणि त्यातील एक महत्त्वाचा अभ्यास महाराष्ट्रातीलच आहे. फ्रेंच मानवशास्त्रज्ञ व्हेरोनिक बेनेई यांनी कोल्हापुरातील प्राथमिक शाळांत दीर्घकाळ राहून केलेले संशोधन ‘स्कूलिंग पॅशन्स’ या नावाने २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. परिपाठ, प्रार्थना, राष्ट्रगीत, कवायत, शिवचरित्राचे कथन आणि मातृभाषेविषयीची आपुलकी यांतून राष्ट्राविषयीची भावना मुलांच्या शरीरात व मनात कशी रुजते, हे त्यांनी दाखवले. नागरिकशास्त्राचा तास आठवड्यातून एखादा असतो, परिपाठ मात्र रोज असतो. शाळेतील नागरिकत्वाचा मोठा भाग पुस्तकाबाहेर शिकला जातो, हा या अभ्यासाचा महत्त्वाचा निष्कर्ष होय.

हाच निष्कर्ष चिखलदऱ्यास लावून पाहिल्यास एक नवा प्रश्न उभा राहतो. कोल्हापुरातील बहुतेक मुलांच्या बाबतीत घरची भाषा व शाळेची भाषा यांत आपलेपणाचा सांधा होता. मेळघाटातील आश्रमशाळेत येणाऱ्या कोरकू मुलाच्या बाबतीत तो सांधा तुटलेला असतो. मराठी व हिंदी या आर्य भाषाकुलातील आहेत, तर कोरकू ही ऑस्ट्रो-आशियाई कुलातील मुंडा शाखेची, त्या शाखेच्या पश्चिम टोकाला असलेली भाषा आहे. ‘हक्क’, ‘ठराव’, ‘गणपूर्ती’, ‘संमती’ हे शब्द या मुलाला दुहेरी परके आहेत : एकदा भाषा म्हणून आणि दुसऱ्यांदा पारिभाषिक संज्ञा म्हणून. घटनेच्या ३५०-अ या अनुच्छेदाने (१९५६) भाषिक अल्पसंख्य गटांतील मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी देण्याची अपेक्षा राज्यांकडून व्यक्त केली आहे. नागरिकत्वाची परिभाषा कोरकूत कशी मांडावी, हे संशोधन पुणे वा दिल्ली येथील विद्यापीठापेक्षा मेळघाटच्या आसपासच्या महाविद्यालयातील अभ्यासक अधिक चांगले करू शकेल. त्यासाठी त्याला कोरकू शिकावी लागेल, ही त्याची पहिली पात्रता मानली पाहिजे.

(३) शिक्षक-प्रशिक्षण

अध्यापक महाविद्यालये व १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून उभ्या राहिलेल्या जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था हे अभ्यासकाचे तिसरे स्थान. येथे एका प्राध्यापकाचा प्रभाव गुणाकाराने वाढतो, कारण त्याच्या हाताखालून गेलेला प्रत्येक शिक्षक पुढे शेकडो मुलांना शिकवतो.

महाराष्ट्रात या क्षेत्रात शाळेबाहेरील प्रयत्नही झाले. शांतिलाल मुथ्था फाउंडेशनने राज्य शासनाच्या सहकार्याने २००९ मध्ये बीड जिल्ह्यातील पाचशे शाळांत ‘मूल्यवर्धन’ कार्यक्रम सुरू केला. संविधानातील मूल्ये गटकार्य व कृतींद्वारे रुजविण्यावर त्याचा भर होता. २६ जानेवारी २०२० पासून राज्यातील शाळांत परिपाठाच्या वेळी संविधानाच्या उद्देशिकेचे वाचन अनिवार्य करण्यात आले. दोन्ही उपक्रम स्वागतार्ह आहेत. परंतु वाचन हे आकलनाकडे जाण्याची पहिलीच पायरी असते. ‘दर्जाची व संधीची समानता’ हे शब्द रोज उच्चारणाऱ्या मुलास आपल्या गावातील महिला ग्रामसभेत का बोलत नाहीत, असा प्रश्न पडावा, यासाठी शिक्षकाची तयारी लागते.

शिक्षक-प्रशिक्षणात वापरता येण्याजोगे एक उदाहरण येथे देता येईल. समजा, एखाद्या गावात २४० प्रौढ रहिवासी असून ते सर्व मतदार आहेत. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाखालील सर्वसाधारण नियमानुसार ग्रामसभेची गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल ती असते. म्हणजे येथे ३६ व्यक्ती पुरतात. वनहक्क कायद्याच्या नियमांत २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार मात्र ग्रामसभेच्या निम्म्या सदस्यांची उपस्थिती आवश्यक असून उपस्थितांत किमान एकतृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात. म्हणजे किमान १२० व्यक्ती व त्यांत किमान ४० स्त्रिया. वर्गात हे गणित सोडवून घ्यावे आणि मग विचारावे : एकाच गावाला एका कामासाठी ३६ माणसे पुरतात, दुसऱ्यासाठी १२० का लागतात? रस्त्याच्या दिव्यांविषयीचा निर्णय आणि पिढ्यांच्या जंगलाविषयीचा निर्णय यांत कायद्याने फरक का केला असावा? या एका उदाहरणातून गणित, कायदा, स्त्री-पुरुष समानता आणि लोकशाहीचे तत्त्व हे चारही विषय हाताळता येतात. पाठांतराने यांपैकी एकही साधत नाही.

(४) लोकसमूह

चौथे स्थान म्हणजे प्रत्यक्ष लोकांचा सार्वजनिक व्यवहार. वऱ्हाडाला या बाबतीत समृद्ध परंपरा आहे. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे जन्मलेल्या गाडगे महाराजांनी (१८७६–१९५६) हातात खराटा घेऊन गाव झाडले आणि रात्री कीर्तनातून प्रश्न विचारले. श्रोत्याकडून उत्तर काढून घेणे ही त्यांच्या कीर्तनाची रीत होती. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) मोझरी येथील गुरुकुंज आश्रमातून सामुदायिक प्रार्थना व ग्रामसेवेची चळवळ चालविली आणि ग्रामगीतेतून गावाच्या कारभाराचा विचार सामान्य माणसाच्या भाषेत मांडला. याच जिल्ह्याचे सुपुत्र डॉ. पंजाबराव देशमुख हे संविधान सभेचे सदस्य होते. १९३२ मध्ये त्यांनी श्री शिवाजी शिक्षण संस्थेची स्थापना करून बहुजन समाजाला शिक्षणाची दारे खुली केली. यांपैकी कोणीही ‘नागरिकत्व-शिक्षण’ ही संज्ञा वापरली नाही. तथापि त्यांचे कार्य याच विषयाच्या कक्षेत येते आणि त्याकडे अभ्यासविषय म्हणून पाहणे आवश्यक आहे.

अलीकडील काळातील दोन उदाहरणे अधिक बोलकी आहेत. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावात देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या पुढाकाराने १९८० च्या दशकापासून ‘अभ्यासगट’ चालले. एखाद्या विषयाचा अभ्यास आधी गटाने करायचा, तज्ज्ञांना विचारायचे, मग ग्रामसभेने सर्वसहमतीने निर्णय घ्यायचा, अशी ती पद्धत होती. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरील सामूहिक वनहक्क मिळविणाऱ्या देशातील पहिल्या गावांत मेंढ्याची गणना झाली, त्यामागे ही दोन दशकांची तयारी होती. विद्यापीठातील चर्चासत्र आणि गावातील अभ्यासगट यांत तत्त्वतः अंतर नाही. फरक एवढाच की अभ्यासगटाच्या निष्कर्षाचे परिणाम त्यातील सदस्यांना स्वतः भोगावे लागतात.

दुसरे उदाहरण मेळघाटच्या पायथ्याचे आहे. अचलपूर तालुक्यातील पायविहीर या गावास २०१२ मध्ये जवळपास दोनशे हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. ‘खोज’ या स्वयंसेवी संस्थेच्या साहाय्याने गावाने उजाड टेकडीचे संवर्धन केले, चराई व तोडीचे नियम स्वतः ठरवले आणि सीताफळांची एकत्रित विक्री सुरू केली. २०१४ मध्ये गावाला राष्ट्रीय पातळीवरील जैवविविधता पुरस्कार मिळाला. नियम करणारे आणि नियम पाळणारे एकच असले की सार्वजनिक मालमत्तेची निगा कशी राखली जाते, याचा हा पाठ चिखलदऱ्यापासून एका दिवसाच्या शैक्षणिक सहलीच्या अंतरावर आहे.

संमतीचा अर्थ : मेळघाटातील कळीचा प्रश्न

नागरिकत्व-शिक्षणाची निकड मेळघाटात सर्वाधिक कोठे जाणवते, हे ‘संमती’ या एका शब्दावरून स्पष्ट होते. १९७४ मध्ये मेळघाट व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला. वन्यजीवांसाठी निर्वेध क्षेत्र निर्माण करण्याच्या हेतूने आतील गावांचे पुनर्वसन सुरू झाले. कोहा, कुंड व बोरी ही पहिली गावे २००६ पूर्वीच हलविण्यात आली. २००६ चा वनहक्क कायदा आणि त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायद्यात झालेली दुरुस्ती यांमुळे परिस्थिती बदलली. पुनर्वसनासाठी ग्रामसभेची माहितीपूर्ण संमती कायद्याने आवश्यक ठरली. त्यानंतरही चिखलदरा तालुक्यातील वैराटसारख्या गावांचे पुनर्वसन झाले.

व्याघ्रसंवर्धन की आदिवासींचे हक्क, असा सरळ पक्ष घेणे हे नागरिकत्व-शिक्षणाच्या अभ्यासकाचे काम नव्हे. काही कुटुंबे शाळा, दवाखाना व रस्ता यांसाठी स्वेच्छेने बाहेर पडू इच्छितात, काहींना आपले देव, शेत व जंगल सोडवत नाही. दोन्ही इच्छा वैध आहेत. अभ्यासकाने विचारावयाचा प्रश्न निराळा आहे : ठरावावर अंगठा वा सही करणाऱ्यास ठरावाची भाषा समजली होती काय? गावात राहण्याचा पर्याय व राहिल्यास मिळणारे वनहक्क यांची माहिती त्याला होती काय? सभेत स्त्रिया होत्या काय आणि त्या बोलल्या काय? नाही म्हटल्यास काय होईल, हे त्यांना सांगितले गेले होते काय? संमती माहितीपूर्ण होण्यासाठी लागणारी माहिती आणि धैर्य एका सभेत निर्माण होत नाही. ते शाळेपासून हळूहळू साठावे लागते. सहावीच्या वर्गात ग्रामसभेचा पाठ कसा शिकवला गेला, याचा परिणाम वीस वर्षांनी ठरावाच्या वहीत उमटतो.

हीच गोष्ट निधीसंबंधीही खरी आहे. १९९६ च्या पेसा कायद्याचे नियम महाराष्ट्रात २०१४ मध्ये झाले. त्यानुसार स्वतंत्र वस्ती वा पाड्यालाही स्वतःची ग्रामसभा मिळवता येते. २०१५ मध्ये राज्य शासनाने आदिवासी उपयोजनेतील ५ टक्के अबंध निधी पेसा ग्रामपंचायतींना थेट देण्याचा निर्णय घेतला. निधी कशावर खर्च करावा हे ग्रामसभेने ठरवावयाचे असते. हिशेब वाचता येणे, प्रश्न विचारता येणे आणि २००५ च्या माहिती अधिकार कायद्यानुसार तीस दिवसांत उत्तराची अपेक्षा करता येणे ही येथे नागरिकत्वाची अत्यावश्यक कौशल्ये ठरतात.

शैक्षणिक कारकिर्दीचे मोजमाप

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांनी प्राध्यापकांच्या पदोन्नतीसाठी शैक्षणिक कामगिरी निर्देशांकाची पद्धत आणली. शोधनिबंध, परिषदा, पुस्तके यांना गुण मिळू लागले. या पद्धतीत पुढे बदल झाले, तरी मोजता येईल तेच काम मानण्याची वृत्ती टिकून राहिली. वनहक्काचा अर्ज कोरकूत समजावून सांगण्यासाठी एखाद्या प्राध्यापकाने दोन वर्षे गावात घालवली, तर त्याची नोंद ‘विस्तारकार्य’ या सदरात एका ओळीत होते. याच काळात त्याने दुय्यम माहितीवर चार निबंध लिहिले असते, तर त्याची प्रगती अधिक झाली असती. ग्रामीण महाविद्यालयांतील अनेक होतकरू अभ्यासक या विषयापासून दूर राहतात, त्यामागे हेही एक कारण संभवते.

याची दुसरी बाजूही लक्षात घ्यावी लागेल. कुपोषणाच्या प्रश्नामुळे १९९० च्या दशकापासून मेळघाट वृत्तपत्रांत, न्यायालयांत व अहवालांत सातत्याने राहिला आहे. बाहेरून येऊन प्रश्नावली भरून नेणारा अभ्यासक गावाला आता नवीन नाही. नागरिकत्वाचा अभ्यास करणाऱ्याने तरी लोकांना केवळ माहितीचा स्रोत मानू नये. अभ्यासाचा हेतू त्यांच्या भाषेत सांगणे, नकार देण्याची मोकळीक ठेवणे आणि निष्कर्ष ग्रामसभेपुढे परत मांडणे ही त्याची किमान नीती असली पाहिजे. ज्या संमतीचा तो अभ्यास करतो, तीच संमती त्याने आधी स्वतः मागितली पाहिजे.

या दृष्टीने स्थानिक महाविद्यालयांना पुढील गोष्टी शक्य आहेत : राज्यशास्त्राच्या पदवी विद्यार्थ्याने स्वतःच्या गावातील किमान दोन ग्रामसभांचे निरीक्षण करून त्याचा वृत्तांत प्रकल्प म्हणून सादर करणे, गावांनी स्वखुशीने दिलेल्या ठरावांच्या प्रतींचा संग्रह ग्रंथालयात ठेवणे, कोरकू जाणणाऱ्या विद्यार्थ्यांच्या साहाय्याने नागरी परिभाषेचा छोटा कोरकू-मराठी कोश तयार करणे, आणि परिसरातील शाळांच्या शिक्षकांना वर्षातून एकदा या साहित्यासह एकत्र आणणे. यांपैकी कोणत्याही कामास मोठा निधी लागत नाही. चिकाटी मात्र लागते.

निष्कर्ष

नागरिकत्व-शिक्षणातील शैक्षणिक कारकीर्द पाठ्यपुस्तक, संशोधन, शिक्षक-प्रशिक्षण व लोकसमूह या चार स्थानांतून घडते. क्रिक व पळशीकर यांची उदाहरणे विद्यापीठातील विचार शाळेपर्यंत कसा पोचतो व त्याची किंमत कशी मोजावी लागते, हे दाखवतात. बेनेई यांचा अभ्यास शाळेतील नागरिकत्व पुस्तकाबाहेर शिकले जाते, हे दाखवतो. मेंढा व पायविहीर ही गावे शाळेबाहेरही या विषयाचे गंभीर अध्ययन होऊ शकते, याची साक्ष देतात. या चारही स्थानांना जोडण्याची जागा चिखलदऱ्यासारख्या ठिकाणच्या महाविद्यालयात आहे, कारण तेथील विद्यार्थी सकाळी वर्गात ग्रामसभेची व्याख्या लिहितो आणि वयाची अठरा वर्षे पूर्ण होताच तिचा सदस्य होतो.

अशा अभ्यासकाच्या कामाचे मोजमाप करताना त्याच्या निबंधांच्या संख्येबरोबर आणखी एक कसोटी लावणे उचित ठरेल. त्याच्या विद्यार्थ्यांपैकी कोणी आपल्या गावच्या सभेत उठून, ठराव पुन्हा एकदा कोरकूत वाचून दाखवा, अशी मागणी केली का, आणि ती मान्य होईपर्यंत सहीसाठी थांबण्याचे धैर्य सभेला आले का, हे पाहावे.